हाडांनाही भार हवा

पन्नाशी उलटली की घरातल्या बाईला सल्ला मिळतो, ‘आता जड काही उचलू नका.’ सल्ला मायेचा, पण हाडांसाठी तो उलटाच पडतो. हाड जिवंत असते. जुना भाग काढून नवा भरण्याचे काम तिथे सतत चालते आणि भार पडेल तिथे भरणी जास्त होते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, आणि लहानपणी खेळू लागलेल्यांत हा फरक अधिक दिसतो. तिशीच्या आसपास ही पुंजी पुरती साठलेली असते. पीटीच्या तासाला गणित उरकणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यावे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वेग घेते. तेव्हा व्यायामाला उशीर झालेला असतो का? ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीचे उत्तर ‘नाही’ असे आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या 101 स्त्रिया होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगलेच जड वजन उचलले. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली. रोजचे चालणे हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी तेवढ्यावर भागत नाही.

अर्थात, उद्याच गॅसचा सिलिंडर उचलायला जाऊ नये. आधी हाड मोडले असेल तर डॉक्टरांना विचारून, जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून सुरुवात करावी.