गल्ली तीच, वरून मेट्रो

आपल्या गणपतीच्या जेवणात यंदा मोदकांपेक्षा सहा मजल्यांची चर्चा जास्त झाली. न्यू साउथ वेल्स सरकारने २०२४ मध्ये निवडक ३७ स्टेशनांभोवती, ४०० मीटरच्या आत, सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींना वाट मोकळी केली, तेव्हापासून सिडनीतल्या आपल्या मंडळींत दोन तट पडले आहेत. "ऊन अडेल, गाडी लावायला जागा उरणार नाही, वस्तीची कळा जाईल," असं तळमळीने सांगणाऱ्या माझ्या एका हैदराबादी स्नेह्यांनी मागच्या डिसेंबरात हैदराबादच्या कोकापेटला चौतिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मला हसू आलं, पण आवरलं. सॅम्पल फ्लॅट बघायला त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो.

खरं तर हैदराबादच्या मराठी माणसाला दाट वस्तीचं वावडं असायचं कारण नाही. माझं बालपण काचीगुड्याजवळ कुतबीगुड्यातलं. शहाबादी फरशीचा वाडा, आत चार बिऱ्हाडं, तळाला शिंप्याचं दुकान. शाळा जांबागेतली विवेक वर्धिनी, पुस्तकं इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातली, लग्नाचा बस्ता सुलतान बाजारात. सगळं पायी. हा बाजार ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढला. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. गल्ल्यांची रुंदी मात्र ज्या काळात हातगाडी हेच मोठं वाहन होतं त्या काळची राहिली.

त्याच बाजारातून मेट्रो न्यायचं ठरलं तेव्हा दुकानदारांनी बंद पाळले, मोर्चे काढले. २०१४ मध्ये मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनीही मार्ग बदलण्याची भाषा केली. अखेर गाडी बाजारातूनच गेली. ७ फेब्रुवारी २०२० ला जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन हा ११ किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. दुकानदारांना आडमुठे म्हणणं सोपं होतं. इथे बसून मीही म्हटलं. आता वाटतं, आडमुठेपणा असेलही, पण हिशेब त्यांचाच पक्का होता. खांब आपल्या दारात, धूळ आपल्या मालावर. मग मिळकत कुणाच्या पदरात? स्टेशनांलगतच्या जागांतून उत्पन्न काढायची मुभा मेट्रो चालवणाऱ्या कंपनीला करारातच होती. त्यातून पंजागुट्टा, एर्रमंझिल, हायटेक सिटी, मुसारामबाग इथे मॉल उभे राहिले. राहती घरं नाहीत.

याहून मोठी गोम बांधकामाच्या नियमांत आहे. २००६ च्या सरकारी आदेशाने, तिकडच्या भाषेत जी.ओ. ८६ ने, हैदराबादेत एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधायचं याची, मर्यादाच काढून टाकली. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे ऐकून घेरी येते. इमारत किती उंच, हे ठरतं भूखंडाच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. स्टेशन किती जवळ आहे, हे त्या गणितात मुख्य नाही. त्यामुळे झालं असं, की रुंद रस्ते आखलेल्या कोकापेटला पन्नासहून जास्त मजले चढले आणि २०२३ च्या लिलावात तिथे एका एकराला १०० कोटींवर बोली गेली. मेट्रो मात्र त्याच्या अलीकडे, रायदुर्गलाच थांबते. स्नेह्यांच्या चौतिसाव्या मजल्यावरून खाली उतरलं की पहिली गरज गाडीची. उलट आमच्या वाड्यातून सुलतान बाजार स्टेशन दहा-बारा मिनिटांच्या चालीवर, आणि तिथे उंच बांधता येत नाही, कारण गल्ली अरुंद.

म्हणजे जिथे मेट्रो आहे तिथे घरं वाढत नाहीत, आणि जिथे घरं वाढतात तिथे मेट्रो नाही. जुन्या शहरात आता वेगळाच उपाय चालू आहे, मेट्रोसाठी रस्ताच रुंद करायचा. महात्मा गांधी बस स्टेशनच्या पुढे फलकनुमाकडचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा वर्षानुवर्षं रखडला होता. वाटेत मशिदी, आशुरखाने, मंदिरं, मार्गावरून राजकारण. ८ मार्च २०२४ ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी पायाभरणी केली आणि मार्ग चांद्रायणगुट्ट्यापर्यंत वाढवला. सुमारे १,१०० मालमत्तांना झळ बसणार, मोबदला चौरस यार्डाला ८१,००० रुपये. दर वाईट नाही. पण चेक मिळतो मालकाला. तीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात पतंगाचा मांजा किंवा अत्तर विकणाऱ्याचं गिऱ्हाईक कुठल्या चेकात बसवायचं?

दुकानदारांची ही तक्रार आपल्याला नवी वाटायला नको. इथल्या पॅरामाटाची लाइट रेल २० डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. वेस्टमेडहून कार्लिंगफर्डपर्यंत १२ किलोमीटर. आज आपण तिच्यातून मिरवतो, पण चर्च स्ट्रीटवरच्या खाणावळवाल्यांनी खोदकामाची वर्षं कशी काढली ते त्यांना विचारा. म्हणून माझा कौल असा: इथे सहा मजल्यांना विरोध करू नये. स्टेशनाजवळ सहा मजले म्हणजे आमच्या वाड्यालाच लिफ्ट लावण्यासारखं आहे. आणि हैदराबादेत, जिथे आपल्यापैकी अनेकांचे वाडे आणि मतं दोन्ही शाबूत आहेत, तिथे आपण मागणी करावी ती स्टेशनाच्या चालण्याच्या अंतरात चार-सहा वाडे एकत्र करून मध्यम उंचीचं बांधू देण्याची. त्याला अट एकच असावी, जुन्या भाडेकरूला आणि गाळेवाल्याला त्याच जागी परत आणण्याची. पन्नास मजले नकोत, तसंच गल्लीवर बुलडोझरही नको.

आमचा वाडा बघायला एक बिल्डर आला होता. त्याने फीत काढून आधी गल्ली मोजली, मग तोंड वाकडं केलं. शेजारचे तीन वाडे मिळाले तर जमेल म्हणाला. काकू म्हणाली, जमेल, पण शिंपी तळाला परत आला पाहिजे, परवडणाऱ्या भाड्यात. "सोचके बोलता हूँ, अम्मा," म्हणून तो गेला. त्याला दोन वर्षं झाली. मध्यंतरी शिंप्याने दुकानाला नवा पत्रा घातला.