विकर कोणाचे? तापमान किती?

विद्यार्थिमित्रांनो, "उष्णतेने विकरे नष्ट होतात" हे वाक्य तुम्ही वहीत उतरवून घेतले असेल, परीक्षेत लिहून गुणही मिळवले असतील. माझे म्हणणे असे, की हे वाक्य अर्धेच खरे आहे; आणि अर्धे सत्य घोकण्याची सवय विज्ञानाला मारक असते.

घरी विरजण कोमट दुधातच लावतात. उकळत्या दुधात लावले तर दही लागत नाही, कारण विरजणातले जीवाणू मरतात, त्यांच्या विकरांची घडी विस्कटते. येथवर वाक्य बरोबर आहे.

पण परळ-लालबागची कितीतरी कुटुंबे वज्रेश्वरीला जातात. तानसा नदीकाठच्या अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांत पाय घालताना तुम्हीही तो पटकन मागे घेतला असेल. अशा झऱ्यांतही जीवसृष्टी असते! अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६६ साली एक जीवाणू मिळाला. सुमारे ७० अंश सेल्सिअसला तो सुखाने वाढतो. त्याचे नाव थर्मस अ‍ॅक्वाटिकस.

तुम्ही म्हणाल, त्याची विकरे अगदीच निराळी असतील. तसे नाही. साखरेचे विघटन करणारी कित्येक विकरे आपल्या पेशींत आणि उष्णताप्रेमी जीवाणूंत एकाच कुळातली आहेत. उत्क्रांतीत येथे-तेथे काही अमिनो आम्ले बदलली, रेणूतले दुवे वाढले, घडी घट्ट झाली. मात्र याची किंमतही असते. अशी ताठर विकरे थंडाव्यात बहुधा मंदावतात. म्हणजे ती आपल्यापेक्षा श्रेष्ठ नव्हेत. आपापल्या घराला योग्य, इतकेच.

आता या घोकंपट्टीने काय बिघडते ते पाहा. १९८३ साली कॅरी मुलिस यांना डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. तीत मिश्रण पुनःपुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवावे लागे. त्या वेळचे विकर प्रत्येक वेळी निकामी होई आणि नवे घालावे लागे. 'विकरे नष्ट होतातच' असे मानून सारे थांबले असते, तर गाडी तेथेच अडली असती. पण थर्मसचे टॅक पॉलिमरेज हे विकर १९७६ मध्येच वेगळे केलेले होते. ते या तापमानाला टिकले! २०२० च्या करोना साथीत चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ज्या चाचण्या झाल्या, त्यांची पद्धत याच युक्तीवर उभी आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती, की हे वाक्य खोडू नका, त्याला दोन प्रश्न जोडा: विकर कोणाचे? तापमान किती? आणि मित्रांनो, तुम्ही मोठ्यांच्या मदतीने तीन वाट्यांत वेगवेगळ्या तापमानाच्या दुधाला विरजण लावा, तापमापीने अंश मोजा, मगच निष्कर्ष लिहा. ते वाक्य लांब होईल, पण तुमचे स्वतःचे असेल.