विश्लेषण : खासगी उपग्रह उडवणे सोपे, पोसणे अवघड!

रॉकेट उडाले, टाळ्या वाजल्या, की आपल्याकडे उपग्रहाची बातमी संपते. खासगी पैशातून बांधलेल्या दळणवळण उपग्रहाची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. भारतातही आता असा उपग्रह येऊ घातला आहे. तो टिकेल की नाही, हे रॉकेटपेक्षा दिल्लीतील नियमांवर अधिक ठरेल.

नेमके काय होणार आहे?

हैदराबादच्या अनंत टेक्नॉलॉजीज या कंपनीला 2025मध्ये ‘इन-स्पेस’ने उपग्रह इंटरनेट सेवेसाठी हिरवा कंदील दाखवला. सुमारे 4 टन वजनाचा, सेकंदाला 100 गिगाबिटपर्यंत क्षमतेचा भूस्थिर उपग्रह बांधून 2028पासून सेवा देण्याची योजना आहे. सुरुवातीची गुंतवणूक सुमारे 3 हजार कोटी रुपये. आतापर्यंत असे भारतीय उपग्रह ‘इस्रो’ किंवा तिची व्यावसायिक कंपनी ‘एनसिल’मार्फतच येत होते. 2023च्या अंतराळ धोरणाने खासगी कंपन्यांना स्वतःचा उपग्रह बाळगण्याची वाट मोकळी केली.

भूस्थिर कक्षाच का?

विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे जमिनीवरून तो एकाच जागी दिसतो. घरावरची डीटीएचची छत्री एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही, ती यामुळेच. संपूर्ण भारतासाठी एक उपग्रह पुरतो. स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतील सेवेला हजारो उपग्रह लागतात.

तोटाही आहेच. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, प्रश्न-उत्तराची फेरी धरली तर अर्धा सेकंद. व्हिडिओ कॉलवर हे जाणवते. टीव्ही प्रक्षेपण, बँकांच्या शाखा, एटीएम, ग्रामपंचायतीचे कार्यालय यांना मात्र त्याने फारसा फरक पडत नाही.

पैसे कधी परत येतात?

इथेच खरी मेख आहे. मोबाइल कंपनी आधी एका शहरात टॉवर उभारते, पैसे आले की दुसऱ्या शहरात जाते. भूस्थिर उपग्रहाला अशी हप्त्याहप्त्याची सोय नाही. बांधणी, प्रक्षेपण, विमा, जमिनीवरचे केंद्र असा सगळा खर्च पहिला रुपया मिळण्याआधीच करावा लागतो. मग पुढची साधारण 15 वर्षे तो वसूल करायचा. बिघडला तर दुरुस्तीला मेकॅनिक पाठवता येत नाही.

2023च्या मोहिमेने काय शिकवले?

भारतीय वेळेनुसार 1 मे 2023 रोजी फाल्कन हेवी रॉकेटने दोन अमेरिकी खासगी कंपन्यांचे उपग्रह नेले. व्हायासॅटचा ‘व्हायासॅट-3’ सुमारे 6 टनांचा. सोबत सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲस्ट्रानिस या नवउद्योगाचा सुमारे 400 किलोंचा ‘आर्क्टुरस’, अलास्कातील दुर्गम वस्त्यांना इंटरनेट देण्यासाठी. रॉकेटने काम चोख केले. नंतर व्हायासॅट-3चा मोठा अँटेना नीट उघडलाच नाही आणि क्षमता ठरलेल्याच्या 10 टक्क्यांच्याही खाली आली. आर्क्टुरसच्या चाचण्या यशस्वी झाल्या. पण सौरपंख सूर्याकडे वळवणारी, बाहेरून घेतलेली यंत्रणा अडकली. अलास्काची सेवा लांबली.

एकाच रॉकेटवरचे दोन्ही उपग्रह असे अडले. तरी ॲस्ट्रानिस बंद पडली नाही. उपग्रह छोटा होता, विमा होता, पुढच्या उपग्रहांना ग्राहक आधीच मिळालेले होते. डिसेंबर 2024मध्ये कंपनीने एकदम चार उपग्रह सोडले. त्यातला एक गरज पडेल तिथे हलवता येणारा राखीव गडी होता. अपयश येणार हे गृहीत धरून व्यवसाय बांधला, तरच खासगी उपग्रह तगतो.

भारतात अडचण कुठे?

रॉकेटची अडचण तुलनेने लहान आहे. आपले एलव्हीएम-3 साधारण 4 टन वजन हस्तांतरण कक्षेत नेते. 4,700 किलोंचा जीसॅट-एन2 नोव्हेंबर 2024मध्ये अमेरिकेतून फाल्कन-9ने पाठवावा लागला, पण 4 टनांचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून जाऊ शकतो.

मोठी अडचण स्पेक्ट्रमची आहे. ‘ट्राय’ने मे 2025मध्ये उपग्रह सेवांसाठी स्पेक्ट्रम 5 वर्षांसाठी द्यावा, बाजार पाहून आणखी 2 वर्षे वाढवावा, अशी शिफारस केली. शुल्क समायोजित एकूण महसुलाच्या 4 टक्के. हजारो उपग्रह वरचेवर बदलणाऱ्या परदेशी कंपनीला 5 वर्षे चालतील. 15 वर्षांचा एकच उपग्रह घेऊन बसलेल्या भारतीय कंपनीचे काय? शेत 15 वर्षांचे आणि सातबारा 5 वर्षांचा, अशी ही गत. कोणती बँक यावर कर्ज देईल?

मग करायला काय हवे?

पहिले, भूस्थिर उपग्रहाचा स्पेक्ट्रम त्याच्या आयुष्याला जोडावा. दर ठराविक वर्षांनी बदलले तरी चालतील, हक्काची मुदत मात्र पक्की हवी.

दुसरे, सरकारने अनुदान देऊ नये, गिऱ्हाईक व्हावे. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2025मध्ये गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. म्हणजे दुर्गम भागासाठी उपग्रह सेवा घ्यायची सरकारची तयारी आहे. मग देशी उपग्रहाच्या क्षमतेचा काही भाग आधीच, ठरलेल्या दराने आणि सेवा सुरू झाल्यावरच पैसे देण्याच्या अटीवर का घेऊ नये? उपग्रह बिघडला तर करदात्याचे काही जात नाही आणि कंपनीच्या हातात बँकेला दाखवायला करार असतो.

‘देशी आहे म्हणून घ्या’ असा याचा अर्थ नाही. सेवा महाग आणि रडतखडत चालणारी असेल तर करार मोडावाच. पण सगळा इंटरनेट एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर सोडणे हा धोका आहे आणि त्याला पर्याय आजच तयार करावा लागतो. उपग्रह बांधायला तीन-चार वर्षे लागतात. 2028 फार लांब नाही.