तिसावा दिवस

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारली, त्याचा हेतू सरकारवर टीका करण्याचा नसावा असे मला हल्ली वाटू लागले आहे. त्या बिचाऱ्याने आपला सरासरी अनुभव सांगितला असेल, इतकेच. या म्हणीला कायद्याच्या पुस्तकातून सरळ आव्हान मिळाले ते 12 ऑक्टोबर 2005 रोजी. माहितीचा अधिकार अधिनियम त्या दिवशी पुरतेपणी अमलात आला. तो दिवस नेमका दसऱ्याचा होता. सामान्य माणसाने दहा रुपये भरून अर्ज द्यावा आणि कचेरीने तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे, असा हा कायदा. म्हणजे दसऱ्याला दिलेल्या अर्जाचे उत्तर कार्तिकी एकादशीच्या आसपास घरात यायला हवे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत.

ही दिवसांची मोजणी कायद्यात कुठून आली, हे पाहण्यासारखे आहे. राजस्थानात ब्यावर येथे 1996 साली मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले होते. त्यांना पाहायचे होते हजेरीपट आणि खर्चाची बिले: कुणाच्या नावावर किती दिवस मांडले आणि मजुरी कुणी उचलली. ज्यांचे पोट रोजावर चालते त्यांना दिवसाची किंमत सांगावी लागत नाही. सरकारकडून उत्तर मागताना त्यांनी ते कधी मिळणार हेही विचारावे, यात नवल ते काय?

इतर देशांचे कायदे पाहिले म्हणजे आपल्या या तीस दिवसांची मातब्बरी ध्यानात येते. अमेरिकेत वीस कामाचे दिवस. पण कागद दूरच्या कचेरीत असले, फार असले, किंवा दुसऱ्या खात्याशी विचारविनिमय करायचा असला, तर आणखी दहा दिवस घेण्याची सोय आहे. कॅनडात तीस दिवस आणि त्यापुढे ‘वाजवी’ मुदत. वाजवी या शब्दात किती महिने मावतात, हे ज्याने घर बांधायला काढले आहे त्याला विचारावे! आपल्या माहिती अधिकाऱ्याला मात्र काम फार आहे म्हणून स्वतःच्या सहीने एक दिवसही वाढवून घेता येत नाही. अर्ज दुसऱ्या कचेरीचा असेल तर पाच दिवसांत तिकडे धाडावा, तिऱ्हाइताची माहिती असेल तर चाळीस दिवस घ्यावेत, एवढीच सवलत. तो गप्प बसला तर त्याने नकार दिला असे कायदा समजतो.

आता पळवाट कुठेच नाही असे मात्र नव्हे. एकोणतिसाव्या दिवशी कचेरीतून पत्र निघते: आपण मागितलेली माहिती दोन पानांची आहे, पानास दोन रुपयेप्रमाणे चार रुपये भरावेत. ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरायचे नाहीत, असे कायदाच म्हणतो. चार रुपये भरण्यासाठी एस.टी.ने तालुक्याला जाऊन यायला किती पडतात, ते वाचकांनी हिशेब करून पाहावे.

तरीही माहिती अधिकाऱ्याला खलनायक ठरवायला मी तयार नाही. बहुतेक ठिकाणी हा गृहस्थ आपले नेहमीचे काम सांभाळून हे जास्तीचे जोखड ओढत असतो. दप्तरखान्यात गठ्ठ्यावर गठ्ठे, त्यांवर धूळ, आणि कुठल्या गठ्ठ्यात काय आहे हे ठाऊक असलेला कारकून मागच्याच वर्षी निवृत्त झालेला. अशा माणसाने प्रांजळपणे ‘मला आणखी पंधरा दिवस द्या’ म्हटले, तर मी तरी देईन. मुदतवाढ ही गोष्ट मुळात पाप नाही. ती कोणी मागितली, कशासाठी मागितली आणि ती संपणार कधी, एवढे मात्र कळायला हवे.

स्कॉटलंडमध्ये हे कळले होते. 2020 च्या एप्रिलात, करोनाच्या साथीत, तिथल्या पार्लमेंटने तातडीचा कायदा करून वीस कामाच्या दिवसांचे एकदम साठ केले. ओरड झाली. साथीच्या दिवसांतच तर सरकार काय करते आहे ते लोकांना कळायला हवे, असे लोक म्हणू लागले. मे महिना संपायच्या आत दुसऱ्या कायद्याने साठाचे पुन्हा वीस झाले. मला यात कुणाची फजिती दिसत नाही. सरकारने उजेडात मुदत मागितली आणि लोकांनी उजेडातच ती परत घेतली.

आपल्याकडे त्या काळात तीस दिवसांच्या कलमातले एक अक्षरही बदलले नाही. बदलण्याची गरजच नव्हती. मुदतवाढीची जागा आपल्याकडे तळमजल्यावर नाहीच, ती वरच्या मजल्यावर आहे.

उत्तर आले नाही तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करायचे. त्याला तीस दिवस, आणि कारण लेखी नोंदवले तर जास्तीत जास्त पंचेचाळीस. तिथेही पदरी काही पडले नाही, तर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. हे नव्वद दिवस नागरिकासाठी आहेत बरे! आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा, याबद्दल कायद्यात आकडाच नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने 2010 साली एका प्रकरणात पंचेचाळीस दिवसांची मर्यादा सांगितली. आयुक्तांच्या रिकाम्या जागा वेळेवर भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली बजावले. तरी सतर्क नागरिक संगठनेने 2024 साली देशभरातल्या आयोगांचा जो हिशेब मांडला, त्यात एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून असल्याचे दिसले. एक लाख भिजत घोंगडी!

आणि दंड? उशिराबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, पण एकूण 25,000 च्या वर नाही. भागाकार करून पाहा. शंभराव्या दिवशी हे मीटर बंद पडते. एकशे एकावा दिवस काय आणि हजारावा काय, सारखाच स्वस्त. तोही दंड आयोगाने सुनावला तर.

माझ्या माहितीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण तशा पुष्कळ असतील. भरतीच्या परीक्षेत तो दोन गुणांनी मागे राहिला. एका प्रश्नाचे गुण धरलेच नाहीत अशी त्याची खात्री होती. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच एका प्रकरणात मान्य केले आहे. तेव्हा त्याने रीतसर अर्ज दिला. महिना गेला. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला तो दोनदा जाऊन आला. दुसरे अपील आयोगाकडे नोंदले गेले आणि तो वाट पाहू लागला. मधल्या काळात निवड यादी लागली, माणसे रुजू झाली, त्यांची लग्ने झाली. याने वयाची मर्यादा ओलांडली आणि मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला.

अडीच वर्षांनी आयोगाचा आदेश झाला आणि उत्तरपत्रिकेची प्रत टपालाने घरी आली. प्रश्न क्रमांक सहा खरोखरच तपासायचा राहिला होता. सोबतच्या पत्रात त्याची दखल नव्हती. प्रत अठरा पानांची होती आणि शुल्क होत होते 36 रुपये. मात्र विहित मुदत उलटून गेली असल्यामुळे कायद्यातील तरतुदीनुसार माहिती विनामूल्य पुरविण्यात येत आहे, असे त्यात आवर्जून लिहिले होते.