घरापासून वर्गापर्यंत

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत तासन् तास चर्चा चालते. कोणत्या शाखेस जावें, कोणतें महाविद्यालय चांगलें, शिकवणी ठेवावी कीं न ठेवावी, या प्रत्येक प्रश्नावर आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांचें कांहीं ना कांहीं मत असतें. परंतु घराच्या उंबरठ्यापासून वर्गाच्या दारापर्यंत मुलानें जावें कसें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तें ज्याचें त्यानें पाहून घ्यावें, अशी आपली समजूत असते. या महिन्यांत आम्ही या उपेक्षित प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यांतील पेण व रोहा हा टापू आम्हीं घेतला आहे. पण जें तेथें खरें तें महाराष्ट्रांतील पुष्कळ तालुक्यांत खरें ठरेल.

मोठ्या विद्यापीठांच्या आवारांत हा प्रश्न पूर्वींच ओळखला गेला. पवई येथील आय. आय. टी. 1958 सालीं स्थापन झाली. तिचें आवार इतकें विस्तीर्ण आहे कीं, वसतिगृहांतून वर्गांत पायीं जाण्यांतच विद्यार्थ्याचा बराच वेळ मोडावा. म्हणून तेथें संस्थेच्या लहान गाड्या आवारांत फिरतात. विद्यार्थी त्यांना कौतुकानें ‘टमटम’ म्हणतात. दिल्लींत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकरितां ‘यू-स्पेशल’ नांवाच्या गाड्या कित्येक वर्षें धावत असत; मध्यंतरीं त्या बंद पडल्या आणि 2025 सालीं पुन्हां सुरू झाल्या. या दोन्ही योजनांच्या मुळाशीं एकच साधा विचार आहे. वर्ग केव्हां भरतो व केव्हां सुटतो हें आधींच ठाऊक असल्यानें गाडीची वेळ त्याला जुळवून घेतां येते.

पेण-रोह्याकडे असें विद्यापीठाचें आवार कोठें आहे, असें कोणी विचारील. आमच्या मतें तें आहे, आणि पवईच्या आवाराहून कितीतरी मोठें आहे. पेण, नागोठणें व रोहा या तिन्ही ठिकाणीं मुंबई विद्यापीठाशीं संलग्न महाविद्यालयें आहेत. येथें वसतिगृहांच्या जागीं वाड्यावस्त्यांतील घरें आहेत, आणि आवारांतील रस्त्यांच्या जागीं मुंबई-गोवा महामार्ग व त्याला फुटलेले फांटे आहेत. फरक इतकाच कीं, या आवाराला कोणी एक धनी नाहीं. महाविद्यालय म्हणतें, गाड्या हें आमचें काम नव्हे. आगार म्हणतें, वर्गांच्या वेळा आमच्या हातांत नाहींत. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें असतें, आणि मुलें तेवढीं थांब्यावर उभीं राहतात.

रोह्याच्या मुलांना शिक्षणासाठीं रस्ता तुडवावा लागणें ही गोष्ट नवी नाहीं. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 सालीं महाडजवळील नाते या गांवीं झाला. त्यांचें घर रोह्याचें. पण शिक्षणासाठीं त्यांना मुंबईची वाट धरावी लागली. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेंत त्यांनीं पहिला क्रमांक मिळविला. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि 1962 पासून 1967 पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु झाले. आज त्यांच्या नांवाचें महाविद्यालय खुद्द रोह्यांत आहे. म्हणजे शंभर वर्षांत महाविद्यालय मुलांच्या गांवाजवळ आलें. उरलेले आठ-दहा मैल मात्र अजून अवघडच आहेत.

साधनें नाहींत म्हणून हें अवघड राहिलें, असें म्हणतां येत नाहीं. 1948 च्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें ते नगर अशी पहिली एस. टी. निघाली आणि पुढें तिनें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांना शाळा जोडून दिल्या. एस. टी. महामंडळाच्या रायगड विभागाची कचेरी पेणलाच आहे. रोह्याला स्वतंत्र आगार आहे. विद्यार्थ्यांना मासिक पास एक-तृतीयांश भाड्यांत मिळतो. अहिल्यादेवी होळकरांच्या नांवानें चालणाऱ्या योजनेंत बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठीं प्रवास विनामूल्य आहे. 2025 च्या जूनमध्यें महामंडळानें पास शाळा-महाविद्यालयांतच नेऊन देण्याची मोहीमहि हातीं घेतली. दिवा-रोहा मार्गावर रेल्वे आहे; पेण, कासू, नागोठणें, निडी आणि रोहा हीं तिचीं स्थानकें. पण तिच्या गाड्या मोजक्या, आणि त्यांच्या वेळा वर्गांसाठीं ठरलेल्या नाहींत. शेवटचा आधार मिनीडोरचा. तिला पास चालत नाहीं.

आतां एका मुलीची गोष्ट कल्पनेनें पाहूं. ती नागोठण्याच्या अलीकडे-पलीकडे कोठल्याशा वाडींत राहते. बारावीपर्यंत तिचा प्रवास फुकट होता. महाविद्यालयांत गेल्यावर पासाला पैसे पडूं लागले, तेहि घरानें दिले. पण प्रात्यक्षिक संपतें दुपारीं अडीच वाजतां, आणि परतीची गाडी निघते दोनला. पुढची साडेचारला; ती भरून आली तर थांब्यावर थांबत नाहीं. मुलगी अंधार पडल्यावर घरीं येते. पहिले कांहीं दिवस आजी दारांत वाट पाहते. मग एखाद्या संध्याकाळीं आई म्हणते, “उद्यां प्रात्यक्षिकाला नाहीं गेलीस तर नाहीं का चालणार?” पुढें परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ येते, तेव्हां हजेरी कमी पडलेली असते. या मुलीचें शिक्षण थांबवावें असें त्या घरांत कोणीहि ठरविलेलें नसतें. वडिलांनीं विरोध केला नाहीं, आजीनें लग्नाचा विषय काढला नाहीं. तरी शिक्षण थांबतें, आणि लोक म्हणतात, तिला आवड नव्हती. मुलींच्या शिक्षणाविरुद्ध उघड वाद घालणारा माणूस आतां विरळा सांपडतो; पण त्या वादाचें काम चुकलेली गाडी मुकाट्यानें करून जाते. या प्रश्नाला आम्ही महत्त्व देतों तें एवढ्यासाठीं.

गर्दी कां होते हें नीट समजून घेतलें पाहिजे. गाड्या कमी, हें उत्तर लगेच तोंडावर येतें आणि तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. पण त्याबरोबर दुसरें एक कारण आहे: आपण सर्वांना एकाच घटकेस बोलावतों. शाळा साडेसातला, महाविद्यालय साडेसातला, आणि कारखान्याची पाळीहि त्याच सुमारास. साध्या गाडींत बैठकी चाळीस-पंचेचाळीस. थांब्यावर माणसें त्याच्या दुप्पट. दरवाजा एकच. समजा एका थांब्यावर साठ मुलें चढणार आहेत आणि प्रत्येकाला चार सेकंद लागतात. म्हणजे तेथेंच चार मिनिटें गेलीं. असे पांच थांबे झाले कीं गाडी वीस मिनिटें मागें पडते.

गाडी एकदां मागें पडली कीं ती आणखी मागें पडत जाते. उशिरा आलेल्या गाडीसाठीं पुढच्या थांब्यावर जास्त माणसें जमलेली असतात; तीं चढण्यांत आणखी वेळ जातो. तिच्या मागून येणाऱ्या गाडीला माणसें थोडीं मिळतात, म्हणून ती झपाट्यानें येऊन पहिलीला गांठते. तासभर एकहि गाडी नाहीं आणि मग दोन लागोपाठ, पहिली खचाखच व दुसरी रिकामी, हा अनुभव कोणाला नाहीं? लोक त्याचा दोष चालकाला देतात. परंतु नेवेल व पॉट्स या दोन अभ्यासकांनीं 1964 सालींच दाखवून दिलें कीं, हा गर्दीचा स्वाभाविक धर्म आहे. कोणाचीहि चूक नसतां तो घडतो. त्यांतून पेण-रोह्याच्या नशिबीं महामार्गाचें काम आलें. पळस्पे ते इंदापूर हें रुंदीकरण 2011 सालीं सुरू झालें आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळलें. अशा रस्त्यावर वेळापत्रक पाळणें म्हणजे चालकाची कसोटीच.

मग उपाय काय? आम्हांला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, आणि त्यांपैकीं एकीलाहि मोठा खर्च नाहीं.

पहिली गोष्ट वेळांची. समजा एक गांव शहरापासून आठ किलोमीटरवर आहे आणि गाडीला जाण्यास वीस मिनिटें लागतात. शाळा साडेसातला व महाविद्यालय सव्वाआठला भरलें, तर तीच गाडी, तोच चालक व तोच वाहक शाळेचीं मुलें उतरवून परत फिरतील आणि महाविद्यालयाचीं घेऊन येतील. दोन गाड्यांचें काम एका गाडींत होईल. त्यासाठीं एका शहरांतील मुख्याध्यापक, प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक यांनीं वर्षांतून एकदां, जून उजाडण्यापूर्वीं, एका मेजाभोवतीं बसलें पाहिजे.

दुसरी गोष्ट मोजणीची. सामान्य उतारू उद्यां कोठें जाणार हें आगाराला ठाऊक नसतें. विद्यार्थी मात्र पास काढतांनाच आपलें गांव, आपली शाळा आणि महिनाभर येण्याजाण्याचा मार्ग लिहून देतो. इतका खात्रीचा उतारू दुसरा कोण? पासांची ही नोंद आणि वर्गांचें वेळापत्रक शेजारीं ठेवलें कीं कोणत्या वाडीला किती वाजतां गाडी हवी, याचें उत्तर आपोआप मिळतें.

तिसरी गोष्ट परतीच्या गाडीची. सकाळची गाडी चुकली तर एक तास बुडतो. संध्याकाळची चुकली तर घर घाबरतें. म्हणून फेरी रद्द करण्याची वेळ आलीच, तर परतीची व शेवटची फेरी सर्वांत शेवटीं रद्द व्हावी, आणि तसें झाल्यास महाविद्यालयाला दुपारपूर्वीं निरोप मिळावा. हिवाळ्यांत शाळांच्या सहलींना एस. टी.च्या गाड्या जातात, लग्नसराईंत प्रासंगिक कराराच्या जातात. सहल मुलांना हवीच. पण एका शाळेच्या सहलीसाठीं दुसऱ्या शाळेची फेरी बंद पडूं नये, एवढी काळजी घेतां येण्यासारखी आहे.

चौथी गोष्ट आपल्या मुलांच्या वागणुकीची. उतरणाऱ्यांना आधीं उतरूं द्यावें, दप्तर पाठीवरून काढून हातांत घ्यावें, पास आधींच बाहेर काढून ठेवावा, दारांत न थांबतां आंत सरकावें. प्रत्येकाचे दोन सेकंद वांचले तरी साठ मुलांमागें दोन मिनिटें वांचतात. हा संस्कार घरांतच व्हावयाचा आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं महामंडळ तोट्यांत आहे; एक-तृतीयांश भाडें देणाऱ्यांसाठीं त्यानें जादा फेऱ्या कां सोडाव्या? याचें उत्तर असें कीं, सवलतीची रक्कम शासनानें महामंडळाला भरून द्यावयाची असते. ती मुलांकडून मिळालेली भीक नव्हे. आणि योजकता महामंडळापाशीं नाहीं असेंहि नाहीं. गणेशोत्सवांत मुंबईहून कोंकणांत हजारों जादा गाड्या सुटतात. तें जमतें, कारण गटागटानें लोक आधींच आरक्षण करतात आणि आगाराला गरजेचा आंकडा हातीं असतो. पेणच्या मूर्ति जेथें जेथें जातात तेथल्या घरांना ही तयारी परिचयाची आहे. वर्षाचे दहा दिवस जें साधतें, त्याचा लहानसा अंश दोनशें दिवस साधणें अशक्य कां मानावें?

आतां शेवटचा शब्द आमच्या वाचकांसाठीं. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें दुचाकीवर महाविद्यालयांत जातात, किंवा पुण्या-मुंबईस राहून शिकतात. त्यामुळें थांब्यावरची गर्दी आपल्याला दिसते ती मोटारीच्या खिडकींतून. परंतु शाळांच्या व महाविद्यालयांच्या मंडळांवर, शिक्षकांच्या खोल्यांत, पालकांच्या सभांत आपल्यांतील पुष्कळ जण बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांना तेथें बोलावयास मिळत नाहीं, आणि ज्यांना बोलावयास मिळतें त्यांना गाडी लागत नाहीं. हें अंतर आपणच मिटवूं शकतों. पुढच्या सभेंत वेळापत्रकाचा विषय काढावा. गांवच्या मुलींचीं नांवें, थांबे आणि सुटण्याच्या वेळा एका कागदावर लिहून, त्यास शाळेचें पत्र व ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तो अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्यावा. तक्रारीचा सूर नसावा; आंकडे असावे.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं एक करावें. मुलगी उशिरा आली तर प्रथम तिला रागें भरूं नये; गाडी किती वाजतां होती, हें विचारावें. तिचें उत्तर ऐकून ज्या घरांतील कोणी दुसऱ्या दिवशीं आगाराची पायरी चढेल, त्या घरची मुलगी पदवीपर्यंत पोहोंचेल असा आमचा विश्वास आहे.