सप्तपदी आणि परवान्याचा शिक्का

गोमंतकातील एखाद्या देवळाच्या सभामंडपात मोठ्या थाटात विवाह व्हावा, वर पंधरवड्यात इंग्लंडला परत जावा आणि वधूने माहेरीच व्हिसाची वाट पाहत बसावे, हे दृश्य आता आम्हांस अपरिचित राहिलेले नाही. काही महिन्यांनी नकाराचे पत्र येते. मग जाणती म्हणविणारी मंडळी जमतात आणि एकमुखाने सल्ला देतात : ‘‘तिला पाहुणी म्हणून प्रवासी व्हिसावर पाठवा, एकदा पोचली की पुढचे पुढे पाहता येईल.’’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो हे आम्ही जाणतो. तरीही तो घातक आहे आणि धर्मकार्यासाठी उभारलेल्या मंडपात तो दिला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नकार का आला हे आधी पाहू. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या पुढील पिढ्यांस पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला. त्या बळावर आमचे अनेक तरुण इंग्लंडात स्थायिक झाले. परंतु ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० हा दिवस सीमारेषा ठरला. अशा तरुणाच्या पत्नीस विनाशुल्क फॅमिली परमिट मिळते. मात्र विवाह अथवा विवाहासारखा टिकाऊ संबंध त्या दिवसापूर्वीचा असला पाहिजे. २०२३ साली लग्न झालेल्या वधूने हा अर्ज केला तर नकार येणारच. येथे दैवाचा काय दोष? दलालाने चुकीचे दार ठोठावले आणि आम्ही पत्र न वाचताच कपाळाला हात लावला.

आता त्या प्रवासी व्हिसाविषयी. नवऱ्याकडे कायमचे राहावयास निघालेल्या स्त्रीने ‘मी चार आठवड्यांत परतेन’ असे लिहून देणे म्हणजे असत्य. हे असत्य उघडकीस आले तर दहा वर्षांपर्यंत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आणि उघडकीस आले नाही तरी, पाहुणी म्हणून गेलेल्या व्यक्तीस तेथे राहून पत्नीच्या व्हिसावर बदली मिळावी अशी तरतूद नियमांत नाही. म्हणजे ज्या संसारासाठी खोटे बोलावयाचे, त्याच संसाराच्या मुळावर ते उठते. सल्लागार मात्र तोवर दुसऱ्या लग्नाच्या पंक्तीत बसलेले असतात!

मग सरळ मार्ग कोणते? पहिला मार्ग अपिलाचा. परदेशातून ते करावयास २८ दिवसांची मुदत असते. निर्णयच चुकला असेल, म्हणजे पुरावा असून तो पाहिला गेला नसेल, तर अपील अवश्य करावे. परंतु लग्नाची तारीखच सीमारेषेनंतरची असेल तर या अर्जाच्या अपिलात वेळ आणि पैसा का दवडावा?

दुसरा मार्ग ब्रिटनच्या स्वतःच्या कौटुंबिक नियमांचा. येथे उत्पन्नाची अट आहे. २०१२ साली ती वर्षाला १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ रोजी ती २९,००० पौंड करण्यात आली. केवळ शिलकीवर ती भागवावयाची तर ८८,५०० पौंड सहा महिने जवळ असावे लागतात. वधू येथे अध्यापिका असो वा डॉक्टर, तिचा येथील पगार हिशेबात धरला जात नाही. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या तरुणाचा संसार हा संसारच नव्हे काय? विवाहाची किंमत पगारपत्रकावर ठरविणारा हा नियम आम्ही अन्यायकारक मानतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ही अट तत्त्वतः मान्य केली; पण मुलांच्या हिताकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, म्हणून सरकारला दोषही दिला. त्यानंतर विशेष कठीण परिस्थितीत अन्य उत्पन्नाचा विचार करण्याची तरतूद झाली. ज्यांस ती लागू पडेल त्यांनी ती पुराव्यानिशी मागावी.

तिसरा मार्ग आयर्लंडचा. तो देश युरोपीय संघातच आहे. पोर्तुगीज नागरिक तेथे खरोखर नोकरी वा धंदा करीत असेल, तर पत्नीच्या व्हिसास शुल्क नाही आणि उत्पन्नाचा ठरीव आकडाही नाही. मात्र ‘खरोखर’ हा शब्द विसरू नये. खोटे भाडेपत्र दाखविणारा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. जम बसलेली नोकरी सोडून परक्या गावी जाणे सोपे नव्हे. तथापि ज्यास इंग्लंडात कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला आहे, त्याचा तो हक्क सलग पाच वर्षे बाहेर राहीपर्यंत जात नाही. ज्याचा पगार अटीस पुरतो त्याने दुसरा मार्ग धरावा. ज्याचा पुरत नाही त्याने, वर्षानुवर्षे पत्नीस माहेरी ठेवण्यापेक्षा, तिसऱ्याचा गंभीरपणे विचार करावा.

शेवटी दोन शब्द आमच्याच घराविषयी. सप्तपदी देवाब्राह्मणांच्या साक्षीने पूर्ण होते, परंतु गोव्याच्या कायद्याला सिव्हिल रजिस्ट्रारपुढील नोंद लागते. ती नसेल तर कोणत्याही देशाच्या वकिलातीपुढे आमच्या मुलीचा विवाह सिद्ध होणे कठीण. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळविणारे आम्ही, वराचा दर्जा कोणता, त्याचा पगार किती आणि वधू कोणत्या नियमाने जाणार, हे तीन प्रश्न विचारावयास का लाजतो? पासपोर्टच्या रंगाला भुलून मुहूर्त धरावयाचा आणि नकार आला की असत्याचा आश्रय करावयाचा, ही रीत आता सुटली पाहिजे. महाजनांनी आणि वडीलधाऱ्यांनी हे प्रश्न मुहूर्तापूर्वीच विचारावे. नकाराचे पत्र आलेच तर ते प्रथम नीट वाचावे, मग मार्ग निवडावा. मुलीचे आयुष्य ही दलालाच्या हाती देण्याची वस्तू नव्हे.