सिपोरेक्सच्या भिंतीवरील आक्षेपांचा विचार

महाराष्ट्रातील बांधकामांवर ‘सिपोरेक्स’ या मूळ स्वीडिश व्यापारी नावानेच ओळखल्या जाणाऱ्या हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकविरुद्ध पूर्वपक्ष असा मांडला जातो की, पाण्यावर तरंगणारा पदार्थ भिंतीस कामाचा नाही, त्याला तडे जातात, आणि इंग्लंडमध्ये तर 2023 साली याच काँक्रीटमुळे शंभराहून अधिक शाळांना इमारती किंवा वर्ग बंद करावे लागले.

यांपैकी इंग्लंडचा दाखला सर्वांत परिणामकारक वाटत असला, तरी तो येथे लागूच पडत नाही. कारण तेथे धोका निर्माण झाला तो आत सळया घातलेल्या छताच्या फळ्यांमुळे. सच्छिद्र काँक्रीट सळीचे गंजण्यापासून पुरेसे रक्षण करत नाही, त्यामुळे सपाट छतातून पाणी झिरपले की फळी आतून निकामी होते. भिंतीच्या ब्लॉकमध्ये सळईच नसते, आणि आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत मजल्यांचा भार खांब व तुळया वाहतात.

हलकेपणा म्हणजे कच्चेपणा, हा समजही टिकत नाही. राख किंवा वाळू, चुना आणि सिमेंट यांच्या पातळ मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड पडताच हायड्रोजन सुटतो व मिश्रण साच्यात फुगते; पुढे ऑटोक्लेव्ह या बंद पात्रात सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेने चुना व सिलिका यांचे घट्ट स्फटिक बनतात. घनमीटरला 551 ते 650 किलो वजनाच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉककडून भारतीय मानक चौरस मिलिमीटरला 4 न्यूटन दाबबळाची अपेक्षा करते, तर भाजक्या विटेची सर्वांत खालची मान्य प्रत 3.5 ची आहे. शिवाय भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, विटेच्या सुमारे एक तृतीयांश वजनाची भिंत हा उघड लाभ ठरतो.

तड्यांची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे मूळ बहुधा कामात सापडते. पावसात उघडे पडलेले ब्लॉक भिजलेलेच रचले जातात, दोन-तीन मिलिमीटरच्या चिकट मसाल्याऐवजी विटेचा जाड मसाला भरला जातो, खांबाच्या सांध्यावर जाळी न लावताच गिलावा चढतो. मग भिंत वाळून आकसली की सांध्यावर उभी चीर उमटते. ओल धरण्याचा दोषही नाकारता येत नाही, म्हणून न्हाणीघरासारख्या जागी जलरोधनाशिवाय हा ब्लॉक वापरू नये.

घरमालकांनी ब्लॉक नाकारण्यापूर्वी ठेकेदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: माल झाकून ठेवला आहे का, मसाला कोणता आहे, आणि जाळी कुठे लावली आहे?